श्रीसंत तुकाराम महाराज : भंडारा डोंगर आणि पाखरांचा विश्वास

श्रीक्षेत्र देहू येथे इंद्रायणीच्या तीरी श्रीविठ्ठल-रखुमाईचे दर्शन घेतल्यानंतर अनेक वारकरी भंडारा डोंगराची वाट धरतात. देहूच्या पश्चिमेस सुमारे पाच-सहा किलोमीटरांवर, इंदोरी गावाजवळ हा डोंगर उभा आहे. उंचीने तो फार मोठा नव्हे. त्याच्या अंगावर प्राचीन बौद्ध लेणी आहेत आणि माथ्यावर श्रीतुकोबारायांचे मंदिर आहे. माथ्यावरून मावळातील शेते आणि इंद्रायणीचे खोरे दृष्टीस पडते. जगद्गुरू श्रीसंत तुकाराम महाराजांनी आपल्या आयुष्यातील कितीतरी दिवस याच डोंगरावर, झाडाझुडपांच्या आणि पाखरांच्या सहवासात व्यतीत केले. महाराजांचे चरित्र कीर्तनातून आपण सर्वांनी ऐकलेले आहे. परंतु या एकांतवासाने त्यांना काय दिले, याचा विचार डोंगर चढताना मनात असावा, या हेतूने ही अल्प चरित्ररेखा येथे सादर करीत आहोत.

महाजनांचे घर

महाराजांच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि इ.स. १६०८ हे वर्ष सामान्यतः स्वीकारले जाते. देहूचे मोरे घराणे पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलभक्त होते. पूर्वज विश्वंभरबुवा यांच्यापासून या घरात पंढरीच्या वारीची परंपरा चालत आली होती. वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांच्या पोटी सावजी, तुकाराम आणि कान्होबा असे तीन पुत्र होते. घरी शेती होती, वाण्याचे दुकान होते, सावकारी होती आणि गावच्या पेठेची महाजनकीही होती. थोरले बंधू सावजी यांचे मन संसारात रमणारे नव्हते. त्यामुळे प्रपंचाचा भार तुकोबांनी कोवळ्या वयातच खांद्यावर घेतला.

महाजनाचे घर म्हणजे केवळ सुबत्तेचे घर नव्हे. ज्या घरात कर्जखतांची बासने असतात, त्या घरासमोरून जाताना ऋणको मान खाली घालून जातो. सावकार स्वभावाने कितीही मृदू असला, तरी त्याच्या दारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनात धाकधूक असतेच. तरुण तुकोबांच्या वाट्याला हे अधिकाराचे आसन वारशाने आले होते. पुढे घडलेल्या गोष्टींचा अर्थ उमगण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवली पाहिजे.

दुष्काळाचा घाला

महाराज सतरा वर्षांचे होण्याच्या सुमारास मातापित्यांचे छत्र हरपले. पाठोपाठ थोरल्या भावजयीचे निधन झाले आणि सावजी तीर्थाटनास निघून गेले. या आघातांतून घर सावरते न सावरते तोच इ.स. १६२९ ते १६३१ या काळात दख्खनवर महाभयंकर दुष्काळ कोसळला. पर्जन्याने पाठ फिरविली. विहिरी आटल्या, गुरेढोरे दावणीलाच मेली, गावे ओस पडली. तुकोबांचे दुकान बसले आणि गावात असलेली पत नाहीशी झाली. याच काळात त्यांची प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून मरण पावल्या. लाडका पुत्र संतूही गेला. ज्या घराने इतरांना धान्य उसने द्यावे, त्याच घरातील गृहिणीला घासभर अन्न मिळू नये, याची खंत महाराजांच्या अंतःकरणात खोलवर रुतली. ती त्यांनी पुढे आपल्या अभंगांत कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली आहे.

भामगिरीवरील निर्वाण

या दुःखाच्या भरात महाराज गाव सोडून चाकणजवळील भामगिरी अर्थात भामचंद्र डोंगरावर गेले. तेथे एका घळीत बसून त्यांनी पंधरा दिवस श्रीविठ्ठलाचे चिंतन मांडले. त्या निर्जन स्थळी सर्प, विंचू आणि वाघ यांनी त्यांना घेरले, परंतु त्यांचे आसन ढळले नाही आणि पंधराव्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला, अशी सांप्रदायिक श्रद्धा आहे. अंतःकरण शुद्ध झाले म्हणजे वाघ आणि सर्पही वैर टाकून देतात, असा भाव पुढे महाराजांच्या वाणीतून प्रकट झाला, त्याचे मूळ भाविक येथेच पाहतात.

इकडे धाकटे बंधू कान्होबा रानोमाळ त्यांचा शोध घेत होते. अखेर भामगिरीवर दोघा भावांची भेट झाली आणि ते इंद्रायणीच्या काठी परतले. तेथे महाराजांनी घरातील सर्व कर्जखते मागविली. त्यांचे दोन वाटे केले. कान्होबांनाही संसार होता, म्हणून निम्मी खते त्यांच्या हाती दिली आणि स्वतःच्या वाट्याची सर्व खते इंद्रायणीच्या पाण्यात सोडून दिली.

भाविकहो, हा प्रसंग केवळ वैराग्याचा म्हणून सांगितला जातो. परंतु त्याला दुसरीही बाजू आहे. दुष्काळाने खंगलेल्या ज्या कुटुंबांच्या डोक्यावर ते ऋण होते, त्यांच्या मनातील भय त्या दिवशी इंद्रायणीत बुडाले. तुकोबांना पाहून मान खाली घालण्याचे त्यांना कारण उरले नाही. पुढे पत्नीने आपल्या शब्दावर मिळवून दिलेले व्यापाराचे भांडवलही महाराजांनी, कर्जापायी अडवल्या गेलेल्या एका माणसाच्या सुटकेसाठी वेचले, असे चरित्रकार महीपतींच्या परंपरेतून आपण ऐकत आलो आहोत. पाखरांनी त्यांच्यावर विश्वास ठेवावा, याची तयारी माणसांना भयमुक्त करण्यापासून झाली होती.

भंडाऱ्यावरील दिनक्रम

त्यानंतर महाराजांनी देहूतील जीर्ण झालेल्या विठ्ठलमंदिराचा जीर्णोद्धार केला. पहाटे स्नान करून विठ्ठलाची पूजा करावी, मग भंडाऱ्याचा डोंगर चढावा, दिवसभर तेथे पूर्वसंतांच्या ग्रंथांचे वाचन, मनन आणि नामस्मरण करावे व सायंकाळी गावात येऊन कीर्तनास उभे राहावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. श्रीज्ञानेश्वर, श्रीनामदेव आणि श्रीएकनाथ यांच्या वाङ्मयाचे परिशीलन त्यांनी याच एकांतात केले.

डोंगरावर त्यांच्या सोबतीला होते ते झाड, वेल, वारा आणि पाखरू. आकाश हाच मंडप आणि भूमी हेच आसन होते. वैशाखात खडक तापतो, गवत करपून जाते आणि सावलीसाठी पाखरे दाट फांद्यांत दडतात. मृगाच्या सरी कोसळल्या की तोच उघडा डोंगर थोड्या दिवसांत हिरवा होतो. श्रावणात ढग माथ्यावर टेकतात. दुष्काळात सृष्टीचे कठोर रूप पाहिलेल्या पुरुषाने हे पालटणारे ऋतू वर्षानुवर्षे जवळून न्याहाळले असतील. ज्या आकाशाने पाणी दिले नाही म्हणून घरातील माणसे गेली, त्या आकाशावर त्यांनी राग धरला नाही. उलट, रानातील झाडावेलींना आणि गोड स्वरात गाणाऱ्या पक्ष्यांना त्यांनी आपले नातलग मानले. माणसांच्या गर्दीत मनाला जे गुणदोष चिकटतात, ते या सोयऱ्यांच्या संगतीत चिकटत नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. तेथे वाद घालायला दुसरे कोणी नाही. संवाद करायचा तो स्वतःच्या मनाशी, अशी ही साधना होती.

माघ शुद्ध दशमीस श्रीबाबाजी चैतन्य यांनी स्वप्नात येऊन महाराजांना राम कृष्ण हरी या मंत्राचा अनुग्रह दिला. त्या तिथीचा सोहळा आजही भंडारा डोंगरावर मोठ्या भक्तिभावाने साजरा होतो.

मातोश्री जिजाबाईंची पायवाट

या एकांताचे स्मरण करताना मातोश्री जिजाबाईंना विसरणे योग्य होणार नाही. पुण्याच्या गुळवे घराण्यातील ही कन्या महाराजांची द्वितीय पत्नी होय. माहेरी त्या सुखात वाढल्या होत्या आणि सासरी त्यांच्या वाट्याला रिकामी चूल आली. घरात मुले, हाती पैसा नाही आणि पतीचे चित्त डोंगरावर. त्यांच्या तोंडी कठोर शब्द येत, असे चरित्रांत वर्णन आहे. ते शब्द एका गांजलेल्या गृहिणीचे होते, हे आपण समजून घ्यावे. कारण कितीही त्रागा केला तरी पती जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही, हे व्रत त्यांनी मोडले नाही. भाकरी घेऊन त्या देहूहून निघत आणि काट्याकुट्यांतून वाट काढीत डोंगर चढत.

एकदा भर उन्हात या वाटेवर त्यांच्या पायात काटा खोलवर रुतला. वेदनेने त्या मूर्च्छित झाल्या. तेव्हा प्रत्यक्ष श्रीविठ्ठलाने येऊन तो काटा काढला, अशी कथा भाविक श्रद्धेने सांगतात. विशेष म्हणजे ज्या विठ्ठलाने आपला संसार उधळला म्हणून जिजाबाई रोज त्याला बोल लावीत, त्याच विठ्ठलाने त्यांचा पाय हाती घेतला. महाराजांना रानात जी शांती लाभली, तिचे मोल या माउलीनेही आपल्या पायांनी चुकते केले आहे.

शेताची राखण

महाराज संसाराकडे लक्ष देत नाहीत, म्हणून एका शेतकऱ्याने त्यांना शेत राखण्याचे काम दिले, असा प्रसंग सांप्रदायिक चरित्रांत येतो. पीक दाण्यावर आले होते. माळ्यावर बसून गोफण फिरवावी आणि पाखरे हाकलावीत, एवढेच काम. त्याबद्दल मजुरी म्हणून धान्य मिळावयाचे होते. पाखरांचे थवे कणसांवर उतरले. महाराजांनी गोफण उचलली, पण ती त्यांच्या हातून फिरेना. भुकेल्या जिवाच्या तोंडचा घास कसा काढावा? भुकेने माणसे मेलेली त्यांनी स्वतःच्या घरात पाहिली होती. त्यांनी गोफण खाली ठेवली आणि नामस्मरण सुरू केले. पाखरे पोटभर दाणे टिपून जात आणि पुन्हा येत.

शेतकरी परतला तेव्हा त्याचा संताप अनावर झाला. त्याचा संताप अकारण नव्हता. वर्षभराचे पोट त्या शेतावर होते आणि राखणदाराने आपले काम केले नव्हते. प्रकरण पंचांपुढे गेले. महाराजांनी आपली चूक नाकारली नाही. होणारे नुकसान भरून देण्याचे त्यांनी मान्य केले. मात्र मळणी झाली तेव्हा अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक धान्य खळ्यावर पडले, असे कथा सांगते. वाढीव धान्य महाराजांना देऊ केले असता त्यांनी ते घरी नेले नाही. श्रद्धावान या कथेत देवाची कृपा पाहतात. त्याबरोबरच दुसऱ्याच्या शेतात केलेल्या दयेची भरपाई स्वतः करण्याची तयारी महाराजांनी दाखविली, हेही आपण पाहावे. दुसऱ्याच्या खर्चाने केलेला धर्म त्यांना मान्य नव्हता.

पाखरे उडाली तेव्हा

या सर्व प्रसंगांत अत्यंत साधा, परंतु सर्वांत अंतर्मुख करणारा प्रसंग पुढील होय. एकदा महाराज नामस्मरण करीत वाटेने जात होते. वाटेत पाखरांचा एक थवा जमिनीवर सांडलेले दाणे टिपीत होता. महाराजांची चाहूल लागताच सर्व पाखरे भुर्रकन उडून गेली.

ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाच्या अनुभवातील आहे. आपण अंगणात पाऊल टाकले की चिमण्या उडतात. त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. महाराज मात्र जागच्या जागी थबकले. सर्वांभूती एकच परमेश्वर आहे असे आपण कीर्तनात सांगतो आणि हे मुके जीव आपल्याला भिऊन पळतात. तर मग आपल्या अंतरात अद्याप भेद शिल्लक आहे, या विचाराने त्यांचे मन व्यथित झाले. लोक त्यांना साधू म्हणत होते, चरणी मस्तक ठेवत होते. परंतु पाखरांना लोकांचे मत ठाऊक नसते. त्यांच्या लेखी हा जवळ येणारा केवळ एक मनुष्य होता आणि मनुष्यापासून दूर राहावे, हे त्यांना पूर्वानुभवाने माहीत होते.

महाराज तेथेच निश्चल उभे राहिले. श्वास संथ झाला, नाम अंतरात चालू राहिले. पाखरे निर्भय होऊन परत येत नाहीत तोवर येथून हलायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला. बराच वेळ लोटला. मग पाखरे परतली, दाणे टिपू लागली आणि हळूहळू एखाद्या झाडावर बसावे तशी महाराजांच्या अंगाखांद्यांवर बसून खेळू लागली. चरित्रकारांनी मोठ्या प्रेमाने वर्णिलेला हा प्रसंग आहे.

भामगिरीवरील वाघ-सर्पांपेक्षा ही पाखरांची कसोटी सूक्ष्म आहे. तेथे प्रश्न होता महाराजांना भय वाटते काय, हा. येथे प्रश्न होता महाराजांचे भय कोणाला वाटते काय, हा. पहिले जिंकण्यास धैर्य लागते. दुसरे साधण्यास आपल्यातील धाक, अधिकार आणि मीपणा उतरवून ठेवावा लागतो. एके काळी ज्यांच्या घरच्या खतांनी ऋणको दचकत, त्याच महाजनपुत्राच्या खांद्यावर पाखरू निःशंक बसले, येथे त्यांची साधना फळास आली.

अभंगांतील जीवसृष्टी

महाराजांच्या नावावर सुमारे साडेचार हजार अभंग उपलब्ध आहेत. या गाथेत जीवसृष्टी पदोपदी भेटते आणि ती नेहमीच्या पाहण्यातील आहे. साखरेचा कण मिळविणारी मुंगी आणि अंकुशाचा मार सोसणारा ऐरावत यांच्या दृष्टान्तातून त्यांनी लहानपणाची थोरवी सांगितली. महापुरात मोठमोठी झाडे उन्मळून जातात आणि वाकणारा लव्हाळा मात्र टिकून राहतो, हे नदीकाठच्या कोणाही माणसाने पाहिलेले दृश्य त्यांच्या वाणीत नम्रतेचा पाठ झाले. पाण्याबाहेर तळमळणारी मासोळी ही देवाच्या विरहाची खूण झाली. मुंगी आणि राजा यांचा जीव सारखाच, हे त्यांनी निःसंकोचपणे मांडले.

यातील एकही गोष्ट दुर्मीळ नाही. मुंगी प्रत्येक उंबरठ्यावर आहे आणि लव्हाळा प्रत्येक ओढ्यात आहे. त्यांच्यापासून बोध घेण्यासाठी दूर देशी जावे लागत नाही. थांबून पाहण्याइतकी सवड मात्र मनात असावी लागते.

अखेरची वर्षे

महाराजांची कीर्ती वाढली तसा विरोधही वाढला. वाघोलीचे विद्वान रामेश्वर भट यांनी त्यांच्या अभंगरचनेस आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवाव्या लागल्या. त्याच नदीत पूर्वी त्यांनी खते आनंदाने सोडली होती. या वेळी मात्र प्राणाहून प्रिय असलेली वाणी पाण्यात गेली. महाराज नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्याविना बसून राहिले आणि वह्या कोरड्या राहून वर आल्या, ही श्रद्धा सर्वश्रुत आहे. ती शिळा देहू येथे भाविकांच्या दर्शनासाठी जतन केलेली आहे. पुढे स्वतः रामेश्वर भट महाराजांचे अनुयायी झाले. आक्षेप घेणाऱ्याविषयीही महाराजांनी मनात वैर ठेवले नाही.

फाल्गुन वद्य द्वितीयेस, इ.स. १६५० मध्ये, महाराजांनी इहलोकीची यात्रा संपविली. हा दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. देहूच्या वैकुंठगमन स्थानी नांदुरकीचा वृक्ष आहे. बीजेच्या दिवशी माध्यान्ही तो थरारतो, अशी भाविकांची श्रद्धा असून त्या वेळी सहस्रावधी नेत्र त्याच्या पानांकडे लागलेले असतात. वृक्षांना सोयरे मानणाऱ्या महापुरुषाच्या निरोपाच्या क्षणी सर्व समाजाने एका झाडाकडे पाहावे, हे उचितच होय. महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी इ.स. १६८५ मध्ये पालखी सोहळ्यास प्रारंभ केला आणि ती परंपरा आजही प्रतिवर्षी देहूहून पंढरीस जाते.

भाविकांना नम्र विनंती

भंडाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक भाविकाने दर्शनानंतर घटकाभर एखाद्या झाडाखाली शांत बसावे. भ्रमणध्वनी बंद ठेवावा. जयघोष अवश्य करावा, परंतु काही काळ मौनही पाळावे. प्लास्टिकच्या पिशव्या, पत्रावळी व उरलेले अन्न डोंगरावर टाकू नये. झाडाच्या फांद्या मोडू नयेत. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात विडी-काडी टाकल्यास वणवा लागतो आणि अंड्यांवर बसलेल्या पक्ष्यांची घरटी जळून जातात, याचे भान ठेवावे. इंद्रायणीत निर्माल्य, वस्त्रे अथवा साबण सोडू नये. ज्या डोहाने महाराजांची गाथा राखली अशी आपली श्रद्धा आहे, तो डोह राखणे हे आपले कर्तव्य आहे.

खाली उतरताना वाटेत एखादे पाखरू दाणे टिपताना दिसेल. तेव्हा क्षणभर पाऊल थांबवावे. ते उडून गेले तर खंत करू नये. घरी परतल्यावर मात्र आपल्याला भिऊन कोणी दूर तर राहत नाही ना, हे एकदा मनाशी तपासून पाहावे. घरातील मूल, दारातील गडी, आपले देणे असलेला शेजारी, यांपैकी एकाच्या मनातील भय जरी आपल्या हातून दूर झाले, तरी भंडाऱ्याची ही वारी श्रीतुकोबारायांच्या चरणी रुजू झाली असे समजावे.

॥ राम कृष्ण हरी ॥